असईची अर्धी कंपनी : मिनिएचर वॉरगेममधील सैन्यरचनेचे एक प्रकरण

जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यात झालेली लढाई टेबलावर छोट्या प्रतिमांनी खेळायची, असे आमच्या पाच जणांच्या गटाने ठरवले आणि दोन्ही बाजूंच्या सैन्यरचनेचा तक्ता तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. सहा मिलिमीटरच्या प्रतिमा, सहा फूट बाय चार फुटांचे टेबल आणि दोन महिन्यांचा अवधी एवढी सामग्री होती. रंगकाम वेळेत झाले, नद्या आणि गाव नकाशाप्रमाणे बसले, आणि पहिला डाव एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळून झाला. त्या डावात इंग्रजांच्या उजव्या बाजूच्या पिकेटांनी, म्हणजे पहाऱ्याच्या तुकडीने, असई गाव ताब्यात घेतले, 74वी हायलँड पलटण जवळजवळ शाबूत राहिली, आणि शिंद्यांच्या तोफा चौथ्या फेरीतच टेबलावरून उचलल्या गेल्या. प्रत्यक्ष लढाईत या तिन्ही गोष्टी बरोबर उलट घडल्या होत्या.

खेळात इतिहासापेक्षा वेगळा निकाल लागणे हा दोष नाही, कारण निकाल आधीच ठरलेला असेल तर फासे टाकण्याला अर्थ उरत नाही. परंतु जे प्रत्यक्षात घडले ते टेबलावर घडूच शकत नसेल, तर मांडणीत कुठेतरी मुळात चूक आहे असे मी मानतो. आमच्या नियमावलीतील गोळीबाराचे आणि चालीचे आकडे अनेक लढायांत वापरून पारखलेले होते. म्हणून मी तक्त्याकडे वळलो, आणि चूक तिथेच सापडली.

आधी लढाईचा आवश्यक तेवढा भाग सांगतो. मेजर जनरल आर्थर वेलस्ली याने पिंपळगाव आणि वरूड यांच्यामधल्या उतारावरून खेळणा नदी ओलांडली आणि खेळणा व जुई या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात आपली फौज उभी केली. पहिल्या ओळीत उजवीकडून डावीकडे पिकेट, मद्रासच्या 1/8 आणि 1/10 (म्हणजे 8व्या व 10व्या रेजिमेंटची पहिली पलटण) या देशी पलटणी आणि 78वी हायलँड पलटण होती. दुसऱ्या ओळीत उजवीकडे 74वी, तिच्या शेजारी 2/12 आणि 1/4. आणि मागे तिसऱ्या ओळीत 19वी लाइट ड्रॅगून्स व मद्रासच्या 4थ्या, 5व्या, 7व्या देशी घोडदळाच्या रेजिमेंटा. मैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार खेळणेच्या पलीकडेच राहिले. समोर दौलतराव शिंद्यांची कवायती पायदळे अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हुकुमाखाली होती, आणि असई गावात व त्याच्या आसपास बिनकवायती पायदळ तोफांसह बसले होते. पोलमनने दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली आपली संपूर्ण रांग पूर्वेकडे वळवली. ही हालचाल वेलस्लीला अपेक्षित नव्हती. समोरची फळी आपल्यापेक्षा रुंद आहे हे पाहून त्याने पिकेटांना थोडे उजवीकडे तिरपे सरकण्याचा हुकूम दिला, म्हणजे दुसरी ओळ पुढच्या ओळीत सामावता आली असती. पिकेटांचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल ऑरॉक तिरपा सरकला तो थांबलाच नाही आणि थेट असईवर चालून गेला, आणि त्याला आधार देण्याचा हुकूम असलेली 74वी त्याच्या मागोमाग गेली. मध्ये खिंडार पडले. 74वीचे दहा अधिकारी ठार व सात जखमी झाले, आणि इतर हुद्द्यांपैकी 124 ठार व 270 जखमी झाले. सुमारे पाचशेच्या पलटणीत हे 411 जण होतात. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने हल्ला चढवला म्हणून उरलेले वाचले.

माझ्या पहिल्या तक्त्यात ‘पिकेट’ ही पाच बेसची (बेस म्हणजे प्रतिमा चिकटवलेली पट्टी) स्वतंत्र पलटण होती. हे कसे झाले ते सांगणे आवश्यक आहे, कारण ही चूक मी एकट्याने केलेली नसावी. लढाईच्या बहुतेक नकाशांवर पिकेटांचा आयत इतर पलटणींच्या आयताएवढाच काढलेला असतो, आणि यादी करणारा माणूस आयत मोजतो. आमच्या मोजमापात एक बेस म्हणजे दोन कंपन्या, म्हणजे सुमारे शंभर माणसे, आणि दहा कंपन्यांची पलटण म्हणजे पाच बेस. आयत दिसला, पाच बेस रंगवले.

दुसऱ्या डावाच्या तयारीसाठी टेबल लावले असताना आमच्या इमारतीत राहणारे एक गृहस्थ पाहायला आले. ते पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत आणि आम्ही सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतो. बराच वेळ पाहून झाल्यावर त्यांनी पिकेटांच्या बेसवर बोट ठेवून विचारले, “हे जवान कुठल्या पलटणीचे?” मी सांगितले की ही वेगळी तुकडी आहे. त्यावर ते म्हणाले, “वेगळी कशी असेल? पिकेटला माणसं पलटणीतूनच जातात. तुमचं परेड स्टेट, हजेरीचा कागद, दाखवा बघू. ड्यूटीवर गेलेला माणूस दोन्हीकडे हजर कसा?”

प्रश्न अगदी नेमका होता. पिकेट म्हणजे त्या दिवसाच्या पहाऱ्यासाठी प्रत्येक पलटणीतून अर्धी कंपनी काढून उभी केलेली जमवाजमव. वेलस्लीच्या सैन्यात 74वी, 78वी आणि मद्रासच्या पाच पलटणी होत्या, म्हणजे सात अर्ध्या कंपन्या, एकूण साडेतीन कंपन्या. कंपनी पन्नास-साठ माणसांची धरली तर पिकेटांची नफरी दोनशेच्या आत-बाहेर येते. मी तिथे पाचशे माणसे उभी केली होती, आणि शिवाय ज्या पलटणींतून ती आली त्यांच्यातून एकही वजा केला नव्हता. आकड्यांत हा फरक तीनशेच्या आसपासचा आहे, पण खरे नुकसान आकड्यापेक्षा खोल आहे. पाच बेसच्या पलटणीला आमच्या नियमावलीत आपोआप अ‍ॅड्ज्युटंट (पलटणीचे कामकाज पाहणारा अधिकारी), निशाण आणि ‘जुनी पलटण’ म्हणून मिळणारा मनोबलाचा गुण मिळत होता. यातले पिकेटांकडे काहीच नव्हते. सात ठिकाणांहून आलेली, काही गोरी आणि अर्ध्याहून अधिक तेलुगू-तमिळ बोलणारी माणसे एका दिवसासाठी एका अधिकाऱ्याच्या हाताखाली आली होती, आणि फळी मोडली तर परतून उभे राहायला त्यांना स्वतःचे निशाण नव्हते. ऑरॉक असईकडे का वळत गेला याचे एकमेव कारण हेच, असे मी म्हणणार नाही. वेलस्लीने स्वतःही या अधिकाऱ्याच्या चुकीबद्दल खंत व्यक्त करताना त्याच्या धैर्याला बोल लावला नव्हता. परंतु अशा जमवाजमवीच्या तुकडीवर हुकूम पोहोचणे, समजणे आणि दुरुस्त होणे या तिन्ही गोष्टी नेहमीच्या पलटणीपेक्षा अवघड असतात, आणि टेबलावर ती अवघडता दिसायलाच हवी.

इथे भाषेचाही थोडा दोष आहे, आणि मराठीत हा खेळ लिहिणाऱ्याने तो लक्षात ठेवावा. मराठी कागदपत्रांत आणि आजही फौजी बोलण्यात ‘पलटण’ म्हणजे बटालियन. पण इंग्रजी ‘प्लाटून’ कानाला तसाच लागतो आणि नवखा खेळाडू पलटण म्हणजे तीस माणसे असे धरून चालतो. ‘तुकडी’ हा शब्द तर चार माणसांपासून चार हजारांपर्यंत कुठेही चालतो. ‘कंपू’ शब्दाचेही तसेच झाले आहे. आज आपण तो टोळक्यासाठी वापरतो, पण शिंद्यांच्या फौजेत कंपू म्हणजे कवायती पलटणी, त्यांच्या तोफा, थोडे घोडदळ आणि सोबतचा बाजार मिळून झालेली स्वयंपूर्ण फौज. 1/8, 2/12 या आकड्यांनीही माझ्या एका सहकाऱ्याला चकवले होते. 1796 च्या पुनर्रचनेनंतर मद्रासच्या देशी रेजिमेंटला दोन पलटणी असत, आणि 1/8 म्हणजे 8व्या रेजिमेंटची पहिली पलटण. त्याने तो अपूर्णांक समजून त्या पलटणीला एकच बेस दिला होता.

दुसऱ्या तक्त्यासाठी मी मोजण्याचे एकक बदलले. बेस न मोजता अर्धी कंपनी मोजली. दहा कंपन्यांची पलटण म्हणजे वीस अर्ध्या कंपन्या; पिकेटला एक गेली की उरतात एकोणीस. टेबलावर या फरकाने काही दिसत नाही, बेस पाचच राहतात, कारण पाव बेस कापता येत नाही. पण प्रत्येक पलटणीच्या नोंदपत्रिकेवर सुरुवातीलाच एक खूण खोडलेली असते, आणि खेळाडूला आपल्या पलटणीचा एक तुकडा समोर दुसऱ्याच्या हुकुमाखाली उभा आहे हे लक्षात राहते. पिकेटांना दोन बेस दिले. सामानाच्या रक्षणासाठी मागे राहिलेल्या 1/2 पलटणीची अर्धी कंपनीही मी त्यात धरली, कारण रोजच्या पहाऱ्याची वाटणी सर्व पलटणींवर सारखी होते या तत्त्वाने तक्ता जुळतो.

याहून महत्त्वाचा बदल हुकुमाच्या साखळीत केला. पहिल्या डावात इंग्रज बाजूच्या खेळाडूला टेबलावरचे सगळे दिसत होते, त्यामुळे पिकेट चुकीच्या दिशेने गेले तरी तो 74वीला सरळ ठेवू शकत होता, आणि त्याने तसेच केले. आता दुसऱ्या ओळीतील पलटणीला ‘आधार’ हा हुकूम असेल तर ती पुढच्या तुकडीशी अंतर राखून तिच्या मागे जाते, आणि तो हुकूम बदलायचा तर सेनापतीची प्रतिमा स्वतः घोडा दौडवत तिथपर्यंत पोहोचावी लागते. वेलस्ली त्या वेळी डाव्या बाजूला 78वीजवळ असेल तर खेळाडूपुढे तोच प्रश्न उभा राहतो जो त्या दिवशी खरोखर उभा राहिला.

मनोबलाचा नियमही बदलावा लागला. आमच्या नियमावलीत निम्मी माणसे गेली की पलटण टेबलावरून उचलली जात असे. 74वीने पाचापैकी चार भाग माणसे गमावूनही मैदान सोडले नाही, मृतदेहांचा आडोसा करून ती उभी राहिली. सर्व पलटणींना हा गुण दिला तर खेळ बिघडेल. म्हणून मी तो निशाणाशी जोडला: निशाण उभे आहे आणि एक तरी अधिकारी शिल्लक आहे तोवर पलटण हलत नाही, पण तिला चालही करता येत नाही. पिकेटांना निशाण नाही, म्हणून त्यांना हा नियम लागू होत नाही.

निशाणावरून एक छोटी दुरुस्ती सांगतो. मी 74वीच्या निशाणधारी बेसवर तीन निशाणे मोठ्या हौसेने लावली होती, एक राजाचे, एक रेजिमेंटचे आणि तिसरे हत्तीचे चित्र व ‘असई’ अशी अक्षरे असलेले. तिसरे निशाण या पलटणीला या लढाईबद्दलच नंतर बहाल झाले. लढाईच्या दिवशी तिच्याकडे दोनच होती. चिमट्याने ते तिसरे कागदी निशाण काढले तेव्हा लोखंडी तारेवर गोंदाचा एक पिवळट थेंब राहिला. तो तसाच ठेवला आहे.

आता शिंद्यांची बाजू. तिच्या मांडणीत मी पहिल्यांदा जास्त अन्याय केला होता. पोलमनच्या आठ, सरधन्याच्या समरू बेगमेच्या पाच आणि ड्यूपाँ या अधिकाऱ्याच्या चार अशा सतरा पलटणी आणि सुमारे 10,800 कवायती पायदळ असा हिशेब धरला, तर पलटणीमागे 635 माणसे येतात. या सतराही पलटणी मी एका रांगेत उभ्या केल्या होत्या आणि टेबलावर बसाव्यात म्हणून प्रत्येकीची रुंदी कमी केली होती. सैन्यरचनेची परीक्षा जमिनीवर कशी करता येते याचे हे चांगले उदाहरण आहे. रांगेत एका माणसाला सुमारे बावीस इंच जागा लागते. 635 माणसे तीन ओळींत उभी केली तर पलटणीची रुंदी सुमारे 118 मीटर होते, आणि सतरा पलटणींना मध्ये अजिबात अंतर न ठेवताही दोन किलोमीटर लागतात. दोन नद्यांमधला पट्टा सुमारे मैलभराचा, म्हणजे 1.6 किलोमीटरचा. आमचे प्रमाण एक सेंटिमीटरला दहा मीटर, म्हणजे पलटणीमागे बारा सेंटिमीटर धरून 160 सेंटिमीटरच्या जागेत 204 सेंटिमीटरची फौज. ती बसणारच नव्हती, आणि मी ती दाबून बसवली. पोलमन आणि ड्यूपाँच्या बारा पलटणी मात्र 144 सेंटिमीटरमध्ये बसतात. म्हणून दुसऱ्या मांडणीत त्या बारा पुढच्या रांगेत आणि बेगमेच्या पलटणी मागे, सामानाजवळ ठेवल्या. त्यांना वेगळी हुकूमसाखळीही दिली. त्या सालूर या अधिकाऱ्याच्या हाताखाली सरधन्याहून आलेल्या होत्या, त्यांची मालकीण बेगम होती, आणि पोलमनचा शब्द त्यांच्यावर स्वतःच्या पलटणींइतका चालेल असे धरणे योग्य नव्हते.

तोफांच्या बाबतीत माझी चूक जास्त गंभीर होती. युरोपीय लढायांच्या सवयीने मी त्यांच्या आठ स्वतंत्र बॅटऱ्या, म्हणजे तोफांचे गट, केल्या. 1784 पासून महादजी शिंद्यांसाठी डी बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याने उभारलेल्या या फौजेत मैदानी तोफा पलटणीच्याच अंग असत. गोलंदाज आणि पायदळ एकाच पलटणीच्या हजेरीत, एकाच रसदीवर. लढाईनंतर इंग्रजांच्या हाती 98 तोफा लागल्या. त्या सगळ्याच पलटणींच्या नव्हत्या, त्यांत मोठ्या तोफाही होत्या. तरी सतरा पलटणींत भाग लावला तर पलटणीमागे पाच-सहा तोफा येतात, आणि एवढ्यावरून समोरच्या आगीची दाटी कळते. वेलस्लीच्या तोफांचे बैल या माऱ्यात इतके मेले की त्याला बऱ्याच तोफा मागेच सोडून पुढे जावे लागले. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक मराठी पलटणीपुढे तिच्या पाच तोफांची एक प्रतिमा ठेवली. पलटण मागे हटली तरी ती प्रतिमा उचलायची नाही. 78वी तोफांच्या रांगेवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा उलट वळवून पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला 78वी आणि 7व्या देशी घोडदळासह परत फिरून त्या पुन्हा घ्याव्या लागल्या. आता तोफ ओलांडणाऱ्या पलटणीने तिथे एक बेस मागे ठेवला नाही, तर पुढच्या फेरीत फासा टाकून गोलंदाज उठतात की नाही हे ठरते. तोफ सोडणार नाही असा हट्ट धरणारे हे लोक आपल्याच मुलखातल्या मैदानावर मेले, आणि टेबलावर त्यांना ‘बॅटरी नष्ट’ असे लिहून बाजूला काढताना मला आता संकोच वाटतो.

युरोपीय अधिकाऱ्यांचा प्रश्न मी सावधपणे हाताळला. कंपनी सरकारने त्या वर्षी शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश प्रजाजनांना ती चाकरी सोडण्याचे जाहीर आवाहन केले होते आणि बरेच अधिकारी निघून गेले होते. पहिल्या तक्त्यात मी म्हणून सर्व पलटणींचे कवायतीचे गुण कमी केले होते. पण अधिकारी गेल्यानंतरही या पलटणींनी शत्रूसमोर आपली संपूर्ण आघाडी काटकोनात वळवली, आणि हे सुभेदार-जमादारांच्या हातून झाले. कवायत त्यांच्या अंगात मुरलेली होती. म्हणून गुण परत पूर्ण दिले आणि कमतरता फक्त एका ठिकाणी ठेवली: दोन पलटणींनी एकत्र चाल करायची असेल तर पोलमन किंवा ड्यूपाँची प्रतिमा जवळ हवी.

घोडदळाचा भाग अजून माझ्या मनासारखा झालेला नाही. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याकडे तीस हजारांहून अधिक घोडेस्वार होते आणि त्यांनी लढाईत फार थोडा भाग घेतला. पागेतल्या बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. घोडा मेला तर शिलेदाराची उपजीविका गेली. तोफांच्या माऱ्यात तो सहज घुसणार नाही, यात भ्याडपणा नाही. हा फरक गणवेशाने दाखवता येत नाही, कारण दोघेही साधारण सारखेच दिसतात. सध्या शिलेदारांच्या बेसच्या कडा मातकट आणि पागेच्या बेसच्या कडा हिरव्या रंगवल्या आहेत, आणि शिलेदारांना पहिला बेस गमावला की माघारीची परीक्षा द्यावी लागते.

दुसऱ्या डावात पिकेट तिसऱ्या फेरीत असईसमोर मोडले. 74वी त्यांच्या मागे ओढली गेली, निशाणासह एका जागी उभी राहिली आणि मॅक्सवेलच्या घोडदळाने तिला गाठले तेव्हा तिचा एकच बेस शिल्लक होता. 78वीला दोनदा मागे वळावे लागले. इंग्रज बाजू जिंकली, पण संध्याकाळी तिच्या खेळाडूने उजवीकडचे टेबल पाहून बराच वेळ काही बोलणे टाळले. सुभेदारसाहेब शेवटपर्यंत थांबले होते. जाताना त्यांनी पिकेटांचा एक बेस उलटा करून पाहिला. त्याच्या तळाशी मी पेन्सिलने सात पलटणींची नावे लिहिली होती. ती त्यांनी एकेक करून वाचली आणि बेस जागच्या जागी, असईच्या कुंपणापासून दोन बोटांवर, परत ठेवला.